गावचर्चची ओल, चुना आणि शिसं : वाचकांचे प्रश्न

इंग्लंडमधल्या मध्ययुगीन पॅरिश चर्चच्या बांधणीबद्दल आणि दुरुस्तीबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरं देत आहोत. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा गावपरिसर. तिथलं गावचं चर्च ते पॅरिश चर्च. चर्च ऑफ इंग्लंडची आज सुमारे १६,००० चर्च आहेत आणि त्यांतली तीन चतुर्थांश तरी वारसा-इमारती म्हणून सरकारी यादीत आहेत. पत्रं मात्र बहुतेक एकाच तक्रारीची निघाली : ओल.

प्रश्न : आमच्या गावच्या चर्चवर ‘१२ वे शतक’ अशी पाटी आहे, पण खिडक्या एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. नेमकं वय कसं ओळखायचं? (ऑक्सफर्डजवळून)

पाटीवर असतं ते सगळ्यात जुन्या भागाचं वय. बाकी इमारत जुन्या वाड्यासारखी असते : जोतं एका पिढीचं, माडी दुसरीची, परसातली पडवी तिसरीची. त्यामुळे ‘चर्च कधीचं’ असं न विचारता ‘ही भिंत कधीची, ही खिडकी कधीची’ असं तुकड्यातुकड्याने विचारा.

खिडक्यांपासून सुरुवात करावी. जाड भिंतीतली लहानशी, वर अर्धगोल कमान असलेली खिडकी नॉर्मन काळातली, म्हणजे साधारण ११९० पर्यंतची. उंच, अरुंद आणि वर टोकदार कमान असेल तर ती १३ व्या शतकातली. तिला लॅन्सेट म्हणतात. १४ व्या शतकाच्या पूर्वार्धात खिडकीच्या वरच्या भागातली दगडी जाळी ज्वाळेसारखी वळणं घेऊ लागते. पुढे १५ व्या शतकात उभे दगडी दांडे थेट कमानीला जाऊन भिडतात आणि खिडकी शिडीसारखी दिसते. अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर ही यातल्या शेवटच्या तीन शैलींची नावं थॉमस रिकमनने १८१७ मध्ये रूढ केली, आजही तीच चालतात.

फसवणूक होते ती १९ व्या शतकातल्या नकलांमुळे. कडा धारदार, सगळे चिरे एकाच खाणीतले, एकाच रंगाचे आणि एकाच मापाचे दिसले की सावध व्हा. खिडकीभोवतीच्या भिंतीत उभा सरळ सांधा दिसला, तर ती खिडकी भिंत फोडून नंतर बसवलेली आहे.

आणखी एक खूण बाहेरून दिसते. मनोऱ्याच्या पूर्वेकडच्या अंगावर, आत्ताच्या छपराच्या वर, उलट्या ‘व्ही’सारखी दगडी पट्टी दिसते का ते पाहा. ती मूळच्या तीव्र उताराच्या छपराची रेषा. १५ व्या शतकात अनेक गावांनी मधल्या दालनाच्या, म्हणजे नेव्हच्या भिंती उंचावून वर खिडक्यांची रांग घेतली आणि त्यावर शिशाचं जवळजवळ सपाट छप्पर घातलं. तीव्र उतारावर शिसं स्वतःच्या वजनाने खाली सरकत राहतं, म्हणून उतार कमी ठेवला.

प्रश्न : चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीला आतून हिरवट ओल आहे आणि खालचे दगड पिठासारखे झडतात. पूर्वी कधीतरी बाहेरून सिमेंटने दरजा भरलेल्या आहेत. आता भिंतीत रसायनाचं इंजेक्शन देऊन ओल अडवावी असं समितीत काहीजण म्हणतात. करावं का? (रेडिंग)

नका करू. ही भिंत एकसंध नसते. बाहेर एक दगडी पापुद्रा, आत दुसरा, आणि मधे गोटे, चिपा आणि चुन्याचा भराव. अशा भरावात रसायनाचा सलग थर बनतच नाही. ओल मोजायच्या विजेच्या मीटरवरही निर्णय सोडू नका. लोणा लागलेल्या भिंतीवर तो क्षार मोजतो आणि भिंत वाळली तरी ‘ओली’ दाखवतो.

आधी पाणी कुठून येतं ते शोधा. त्याला खर्च फक्त एका छत्रीचा. मुसळधार पाऊस असेल तेव्हा चर्चभोवती एक फेरी मारा आणि पन्हळ कुठे ओसंडते, कुठे भिंतीवरून ओघळ उतरतो ते खडूने टिपून ठेवा. बिडाचा उभा पाइप पुढून रंगवलेला, चकचकीत दिसतो. पण भिंतीला चिकटलेल्या मागच्या बाजूला रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही, आणि पाइप नेमका तिथेच उभा फुटतो. लहान आरसा धरून मागचा भाग पाहा. हात मागे घालून चाचपला तरी कळतं, गंजाची खपली बोटाला लागते. नवा पाइप लावताना भिंतीपासून इतकं अंतर ठेवा की ब्रश आणि हात दोन्ही मागे जातील. पन्हळी वर्षातून दोनदा साफ कराव्यात : पानगळ संपल्यावर डिसेंबरात एकदा आणि वसंतात एकदा. वसंतातली सफाई जॅकडॉ पक्ष्यांमुळे. हे कावळ्याच्या जातीचे पक्षी काटक्या आणून पन्हळीचं तोंड बुजवतात.

मग जमीन पाहा. शतकानुशतकं त्याच आवारात दफनं झाल्यामुळे बाहेरची माती आतल्या फरशीपेक्षा वर आलेली असते. ती फरशीच्या निदान १५० मिलिमीटर खाली असायला हवी. भिंतीलगत खडी भरलेला चर खणणं हा नेहमीचा उपाय, पण त्यात दोन चुका हमखास होतात. एक तर चर पायापेक्षा खोल जातो. मध्ययुगीन पाया बहुधा उथळच असतो, आणि मग भिंतच खचते. दुसरी चूक म्हणजे चरातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट ठेवलेली नसते. तसा चर म्हणजे भिंतीच्या पायाशी बांधलेला हौद. शिवाय तिथे खणलं की हाडं निघतात, म्हणून परवानगी आणि पुरातत्त्वज्ञ दोन्ही लागतात.

आता सिमेंट. भिंतीत शिरलेलं पाणी बाहेर पडायला सगळ्यात सोपी वाट शोधतं. पूर्वी ती वाट चुन्याच्या मऊ सांध्यातून होती. क्षार सांध्यात साठायचे, सांधा झिजायचा, आणि शंभर-दीडशे वर्षांनी कोणीतरी तो पुन्हा भरायचं. चुन्याच्या सांध्याने स्वतः झिजून दगड वाचवायचा असा तो हिशेब. सिमेंटने ही वाट बंद होते. पाणी दगडातून निघतं, क्षारांचे खडे दगडाच्याच पोटात वाढतात आणि दगडाचं पीठ होतं. जवळ जाऊन पाहिलंत तर राखाडी सिमेंटची चौकट पुढे आलेली आणि मधला दगड बोटभर आत गेलेला दिसेल. झडणारे दगड तिथलेच.

म्हणून काम असं करा. सैल झालेलं सिमेंट छिन्नी-हातोडीने काढा, ग्राइंडर लावू नका. ग्राइंडरची चकती उभ्या सांध्यात हमखास वरच्या-खालच्या दगडात घुसते आणि त्या खाचा कायमच्या राहतात. घट्ट चिकटलेलं सिमेंट काढताना दगडाच्या कडा तुटत असतील तर ते तसंच राहू द्या, काही वर्षांत आपोआप सुटेल. सांधा जेवढा रुंद त्याच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर खोल साफ करा. धूळ झटका आणि भिंत भिजवा, पण पाणी ओघळेल इतकी नाही. माल म्हणजे १ भाग चुना आणि ३ भाग जाडसर, टोकदार कणांची वाळू. सगळ्यात मोठा कण सांध्याच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाइतका. मऊ दगडाला मुरवलेला चुना, वाऱ्यापावसाच्या तोंडी असलेल्या भिंतीला एनएचएल ३.५ हा पाण्यातही आवळणारा चुना. त्याहून कडक एनएचएल ५ मऊ चुनखडी दगडात भरला की पुन्हा सिमेंटच्याच वाटेवर.

सांधा थराथराने, आत दाबून भरा. थापीने गुळगुळीत करू नका. माल अंगठ्याने दाबला तर खळगा पडत नाही पण नखाने ओरखडा उठतो, अशा अवस्थेला आला की ताठ केसांच्या ब्रशने ठोका. त्याने पृष्ठभाग उघडा राहतो आणि आकसून पडलेल्या बारीक भेगा मिटतात. मग एक-दोन आठवडे ओलसर गोणपाट लावून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कडक होतो आणि त्यासाठी थोडी ओल लागते. फटकन वाळला तर नुसती भुकटी होते. तापमान ५ अंशांखाली जायची शक्यता असेल तर काम सुरूच करू नका.

नंतर वाट पाहा. एवढी जाड भिंत एका उन्हाळ्यात वाळत नाही. ती वाळायच्या आत आतून नवा गिलावा केलात तर तोही लोणाच खाईल.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालत. इंग्लंडमध्ये असं काही घालत का? (वाई)

गूळ आणि हिरड्याची तिथे परंपरा नाही. गिलाव्यात बैलाचे किंवा बोकडाचे केस घालत. थापताना माल एकसंध राहतो आणि वाळताना भेगा कमी पडतात. लवकर आवळावा म्हणून विटांची भुकटी, म्हणजे आपली सुरखी, घालण्याची रीत रोमनांपासून आहे. केस घालायचे ते काम सुरू करायच्या दिवशीच. चुन्यात मिसळून फार दिवस ठेवले तर चुना त्यांना खाऊन टाकतो. मग थर वरून ठीक दिसतो, पण आतला धागा गेलेला असतो.

फरक आहे तो हवेचा. आपल्याकडे ताज्या चुन्याला ऊन मारतं, तिथे गारठा. सांध्यात अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि कच्चा चुना खपलीसारखा निघतो. म्हणून चुन्याचं काम तिकडे बहुतेक एप्रिल ते सप्टेंबर एवढंच चालतं. कळीचा चुना पाण्यात विझवून किमान तीन महिने मुरवायचा, ही शिस्त मात्र दोन्हीकडे सारखी.

प्रश्न : आमच्या चर्चच्या छपरावरचं शिसं चोरीला गेलं. आता तिथे पुन्हा शिसंच घालावं का? (नॉर्विच)

वारसा-तज्ज्ञ सहसा ‘हो’ म्हणतील, विमा कंपनी कपाळाला आठ्या घालेल. शिशाच्या पत्र्याची जाडी ‘कोड’ने सांगतात, आणि तो आकडा म्हणजे एक चौरस फुटाला किती पौंड. चर्चच्या छपराला लागतो तो कोड ८ : जाडी ३.५५ मिलिमीटर, वजन चौरस मीटरला सुमारे ४० किलो. चोराला गाडीभर माल मिळतो तो असा.

पण शिसं चोरीआधीच गळत असेल, तर त्याचं कारण पत्र्याचा आकार असू शकतो. २ मीटरचा पत्रा ६० अंशांच्या फरकात साडेतीन मिलिमीटर लांबतो-आकसतो. तापलेल्या दुपारपासून गारठलेल्या पहाटेपर्यंत असं थोडंफार लांबणं-आकसणं रोज चालतं. पत्रा फार मोठा घेतला किंवा दोन्ही टोकांना खिळून टाकला तर त्याला हलायला जागा उरत नाही. आधी सुरकुती पडते, मग त्याच रेषेवर चीर जाते. त्या चिरेवर डांबराची पट्टी चिकटवणं हे सर्रास होतं आणि दोन वर्षांत फसतं. पत्रे लहान घ्या, मधे लाकडी गोल पट्ट्यांवर दुमडा आणि वरच्या टोकालाच बांधा.

दुसरा रोग खालच्या बाजूचा. आतली दमट हवा वर जाऊन पत्र्याखाली थंडावते, पाणी सुटतं, आणि शिशाची खालून पांढरी भुकटी होत जाते. वरून काही कळत नाही. नव्या छपरात फळ्यांखाली ५० मिलिमीटर खेळत्या हवेची जागा ठेवा.

चोरी पुन्हा होण्यासारखी असेल तर टर्न-कोटेड, म्हणजे कथलाचा मुलामा दिलेलं स्टेनलेस स्टील हा पर्याय हल्ली बऱ्याच ठिकाणी मंजूर होतो. रंग काही काळाने शिशासारखाच राखाडी होतो आणि भंगारात किंमत नाही. पत्रा पातळ असल्याने पावसात आवाज मात्र जास्त.

एक विनंती : जुनं शिसं उरलं असेल तर वितळवायला देण्याआधी त्यावरून मंद, तिरका प्रकाश टाकून पाहा. पूर्वीच्या कारागिरांनी आणि घंटा वाजवणाऱ्यांनी स्वतःच्या बुटांचे आकार, नावाची आद्याक्षरं आणि सालं त्यात कोरलेली असतात. निदान फोटो काढून ठेवा.

प्रश्न : रंगकाम करताना चुन्याखाली लाल रंगाची रेघ दिसली. थोडं खरवडून पाहू का? (स्लाउ)

हात तिथेच थांबवा. ओलं फडकंही लावू नका.

इंग्लंडच्या मध्ययुगीन चर्चच्या भिंती आतून रंगवलेल्या असत. दक्षिणेच्या दरवाजासमोर, म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर, खांद्यावर बाळ येशू घेतलेला सेंट क्रिस्टोफर. नेव्ह आणि गाभारा यांच्यामधल्या कमानीवर अंतिम न्यायाचा दिवस. १६ व्या शतकात, चर्चमधल्या चित्रांना विरोध करणाऱ्या धर्मसुधारणेच्या काळात या चित्रांवर चुना फिरला. त्या चुन्यानेच पुढे ती जपली. रंग बहुधा वाळलेल्या चुन्यावर दिलेला असतो, ओल्या गिलाव्यात मुरलेला नसतो. म्हणून पापुद्रा निघतो तो रंगासकट.

सफकमध्ये वेनहॅस्टनला १८९२ साली कमानीतल्या पांढऱ्या फळ्या काढून आवारात टाकल्या. रात्री पाऊस पडला, चुना वाहून गेला आणि फळ्यांवरचं अंतिम न्यायाचं चित्र समोर आलं. यॉर्कशरमधल्या पिकरिंगला १८५२ मध्ये भिंतीभर चित्रं सापडली तर तिथल्या धर्मगुरूंनी ती पुन्हा चुन्याने झाकून घेतली. काही दशकांनी ती परत उघडली.

सांभाळायच्या नादातही नुकसान झालं आहे. २० व्या शतकाच्या सुरुवातीला अनेक चित्रांवर मेणाचा थर दिला, रंग उजळ दिसावेत म्हणून. मेणाने भिंतीतली ओल आत कोंडली, वर धूळ धरली आणि चित्रं काळवंडली. नंतरच्या संवर्धकांची वर्षं ते मेण उतरवण्यात गेली.

तुम्ही करायचं एवढंच : जागा मोजपट्टीसह टिपा, बाजूने टॉर्च धरून फोटो काढा, भित्तिचित्रांच्या मान्यताप्राप्त संवर्धकाला बोलवा. आणि रविवारपुरता हीटर धडाक्याने लावायची सवय असेल तर ती सोडा. सहा दिवस गार आणि दोन तास गरम, या हिसक्यांनी क्षार पुन्हा पुन्हा विरघळतात, पुन्हा खडे धरतात, आणि रंगाचा पापुद्रा उचलला जातो. गॅसचा हीटर तर जळताना पाण्याची वाफही सोडतो.

प्रश्न : छपराच्या तुळयांतून टकटक ऐकू येते आणि खाली भुकटी पडते. औषध फवारावं का? (हेरफर्ड)

तो डेथवॉच भुंगेरा. वसंतात जोडीदाराला बोलावताना डोकं लाकडावर आपटतो. भोकं सुमारे ३ मिलिमीटरची. अळी ओकच्या पोटात वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे वरून फवारलेलं तिथवर पोचत नाही. हा किडा ओल्या, बुरशी लागलेल्या ओकवर जगतो, आणि तशी जागा म्हणजे तुळईचं भिंतीत टेकलेलं टोक. पन्हळ दुरुस्त करा, टोकाशी हवा खेळू द्या. लाकडातली ओल १५ टक्क्यांखाली गेली की वस्ती हळूहळू संपते. सडलेला भाग तेवढाच कापून, तिरप्या सांध्याने नवा ओक जोडतात. सगळी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते.

प्रश्न : विल्यम मॉरिस चर्चच्या जीर्णोद्धाराच्या विरोधात होता असं वाचलं. पडझड होऊ द्यायची होती का त्याला? (पुणे)

नाही. मॉरिस हा १९ व्या शतकातला इंग्रज कवी आणि नक्षीकार. त्याचा राग ‘रिस्टोरेशन’ या नावाखाली जे चालायचं त्यावर होता. १९ व्या शतकात चर्च ‘मूळ’ शुद्ध शैलीत आणायचं म्हणून नंतरच्या काळातलं सगळं काढत आणि जे कधी नव्हतंच ते नवं घडवून बसवत. आतला गिलावा खरवडून भिंतीचे ओबडधोबड दगड उघडे पाडत, जे मूळ गवंड्याला कधीच दाखवायचे नव्हते. १८७६ मध्ये बर्फर्डच्या चर्चचं काम पाहून मॉरिस अस्वस्थ झाला. १८७७ मध्ये ट्यूक्सबरीच्या चर्चचं काम वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉटकडे जाणार असं कळल्यावर त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिलं आणि त्याच वर्षी प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्था काढली. तिला लोक ‘अँटी-स्क्रेप’ म्हणत, खरवडण्याच्या विरोधकांची.

त्याला काय हवं होतं ते विल्टशरमधल्या इंगलशमला दिसतं. थेम्सकाठचं हे छोटं चर्च त्याच्या पाठिंब्याने १८८८-८९ मध्ये दुरुस्त झालं. सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांच्या आधीच्या काळातलं मेरी आणि बाळाचं शिल्प, १३ व्या शतकातल्या कमानी, नंतरच्या शतकांतले पेटीसारखे बंद बाक, भिंतींवर एकावर एक चढलेली चित्रं, सगळं जागच्या जागी आहे. बाक वाकडेच आहेत. ते सरळ न करणं हीच तिथली दुरुस्ती. आज ते वापरात नसलेली चर्च सांभाळणाऱ्या चर्चेस कॉन्झर्व्हेशन ट्रस्टकडे आहे.

मॉरिसच्या संस्थेच्या लोकांची एक युक्ती गवंड्यांना आवडेल. दगडाचा तुकडा गेला तर नकली दगड न कोरता चपट्या भाजक्या कौलांचे थर चुन्यात रचून खळगा भरायचा. मजबुती येते आणि शंभर वर्षांनीही कळतं की हे नंतरचं काम आहे. दिसायला खडबडीत, म्हणून समित्यांना पटत नाही. आम्हाला ते नव्या, गुळगुळीत चिऱ्यापेक्षा बरं वाटतं.

प्रश्न : स्वयंसेवक आहेत, चुना आहे. सुट्टीच्या दिवशी काम सुरू करायला काय हरकत? (स्विंडन)

पन्हळ साफ करणं आणि अशी रोजची देखभाल चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमांतल्या ‘लिस्ट ए’मध्ये येते, त्याला परवानगी नको. त्याहून मोठी, पण आहे तसंच ठेवणारी दुरुस्ती ‘लिस्ट बी’ : आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ धर्मगुरूची लेखी संमती. बाकी सगळ्याला फॅकल्टी, म्हणजे डायोसिसच्या (एका बिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशाच्या) चर्च-न्यायालयाचा आदेश. तो देणारा चॅन्सेलर हा न्यायाधीश असतो आणि त्याला सल्ला देणारी समिती वेगळी. चर्चला वारसा-इमारतीच्या नेहमीच्या परवानगीतून सूट आहे ती याच व्यवस्थेमुळे. बाहेर काही नवं बांधायचं तर स्थानिक परिषदेची परवानगी वेगळी लागते.

१९५५ च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञाची तपासणी सक्तीची आहे. तो अहवाल आधी मागून घ्या. त्यात कामं निकडीच्या क्रमाने लिहिलेली असतात. छपरात वटवाघळं असतील तर त्यांना हलवणं कायद्याने गुन्हा आहे. पिल्लांच्या काळात, उन्हाळ्यात, काम थांबवावंच लागतं, आणि नेमका तोच चुन्याचा हंगाम. तारखा आधीच जुळवा.

प्रश्न : कुलाब्याचं अफगाण चर्च याच पद्धतीचं म्हणायचं का? (मुंबई)

आराखडा तोच. पहिल्या अफगाण युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये सुरू झालं. रचना हेन्री कॉनिबेअरची, ज्याने विहार तलावाची पाणीयोजना आखली तोच हा. इंग्लंडमध्ये त्या वेळी मध्ययुगीन गावचर्चच खरा नमुना असं ठासून सांगणारा गट जोरात होता, आणि इथलं चर्च त्याच विचाराचं : लांब गाभारा, बाजूची दालनं, टोकदार लॅन्सेट खिडक्या, वर उंच सुळका. वयाने मात्र ते त्याच्या नमुन्यांहून पाच-सहाशे वर्षांनी लहान.

प्रश्न : रंगीत काचेच्या खिडकीचे आडवे लोखंडी गज जिथे दगडात शिरतात तिथेच दगड फुटला आहे. (ग्लॉस्टर)

गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो, तो पाचरीसारखा दगड फाडतो. काचेची चौकट काचकाम करणाऱ्या संवर्धकाकडून उतरवून घ्या. गज बरा असेल तर फक्त दगडात जाणारी टोकं कापून तिथे काशाची किंवा स्टेनलेस स्टीलची टोकं जोडतात. भोक चुन्याने भरा. बाहेरून पॉलिकार्बोनेटचा पत्रा दगडात स्क्रूने ठोकलेला असेल तर तोही काढा. मधे हवा कोंडते, काचेवर पाणी सुटतं, आणि मध्ययुगीन पोटॅशची काच त्या पाण्याने खाल्ली जाते. संरक्षक काच लावायचीच तर मधल्या पोकळीला आतल्या बाजूने खाली-वर फट ठेवा. तुमच्याच जिल्ह्यात फेअरफर्डला मध्ययुगीन काचेच्या २८ खिडक्या शाबूत आहेत. समितीला एकदा तिथे घेऊन जा, आणि जाताना दुर्बीण ठेवा, वरच्या तावदानांतले चेहरे खालून दिसत नाहीत.